मी नाही, डिझेलने बंद पाडली

अगं, तू आधी नुसतं ऐक. मधे प्रश्न विचारू नकोस, नाहीतर मी भलतीकडे जाते. माझ्या मामीची गाडीच्या लायसन्सची टेस्ट झाली ना, त्याची गोष्ट. मी तिथे नव्हते, पण मामा एक सांगतो, मामी दुसरंच सांगते, आणि दोघांचं जिथे जुळतं तेवढंच मी तुला सांगतेय. म्हणजे कमीच सांगतेय असं समज.

तर टेस्टच्या दिवशीची सकाळ. मामी स्टिअरिंग धरून बसलेली आणि मामा कमरेपासून वर बॉनेटच्या आत. बाहेरून नुसते पाय दिसतायत. इस्त्रीची पँट, पॉलिश केलेले बूट.

"मार सेल्फ!" बॉनेटमधून आवाज.

घर्रर्र.

"थांब! आता मार!"

घर्रर्र, खुक, खुक, फुस्स.

"अहो, टेस्ट आज आहे," मामी म्हणाली. "ही काय पुढच्या वर्षी चालू होणारे का?"

"तिला काही झालेलं नाही. तिला फक्त ठसका लागलाय."

तू मामाची गाडी बघितलीयस ना? ती मोठी, चौकोनी, डिझेलवाली. मामाने घेतली तेव्हा विकणारा म्हणाला होता की ही गाडी लोक वाळवंटात चालवतात, डोंगरावर चालवतात, बापाकडून मुलाकडे जाते आणि मुलाकडून नातवाकडे. आमच्याकडे मात्र ती भाजी आणायला निघाली तरी वाटेत दोनदा विसावा घेते. आणि गंमत काय माहितीये? गाडीत खरंच काही खोट नाही. खोट आहे डिझेलमध्ये. गावात पंप एकच, तोही उताराच्या पार तळाशी. त्याची जमिनीखालची टाकी जुनी, झाकण सैल, आणि वरच्या सगळ्या रस्त्याचं पाणी तिकडेच धावतं. मग नळीतून डिझेल येतं, डिझेलबरोबर पाणी येतं, पाण्याबरोबर गाळ येतो. गावातली एकूण एक डिझेल गाडी खोकते. सकाळी आमच्या गल्लीत उभी राहा, तुला वाटेल दवाखान्यातली रांग आहे.

मामा गाडी घेऊन किती वेळा तरी मेकॅनिककडे गेला. त्या मेकॅनिकला सगळे वैद्य म्हणतात. वैद्याने फिल्टर काढला, बोटाने पुसला, आणि ते बोट मामाच्या नाकाखाली धरलं.

"गाडी सोन्यासारखी आहे हो. हिची खानावळ वाईट आहे."

"मग खानावळ बदलू?"

"गावात दुसरी आहे का?"

"नाही."

"मग या पुढच्या महिन्यात."

शहरात चांगला पंप आहे, पण तिथून डिझेल भरून घरी येईपर्यंत निम्मं तर येण्यातच संपतं. त्यामुळे मामाने स्वतःच एकेक उपाय शोधून काढले. गाडी काढायच्या आधी बॉनेट उघडायचं, फिल्टरच्या खालचा स्क्रू सैल करायचा, पाणी बाटलीत गळू द्यायचं, मग फिल्टरवरचा छोटा हातपंप कडक होईपर्यंत दाबायचा, मग किल्ली. चालू झाली की एक पाय कायम ॲक्सिलरेटरवर, मामाच्या भाषेत गॅसवर, तयार. आणि चढ आला की गाडीतल्या सगळ्यांनी पुढे झुकायचं. हे शेवटचं कशासाठी ते देवालाच ठाऊक, पण मामाच्या गाडीत पाहुणेसुद्धा झुकतात.

आणि मामीला गाडी शिकवली कोणी? मामानेच! म्हणजे तिला वाटलं, गाडी चालवणं म्हणजे हे सगळं. क्लच, ब्रेक, गिअर, स्क्रू, बाटली, हातपंप, झुकणं. अगं, पण ती काय शिकली! मामी नर्स आहे ना, तिने गाडीला सरळ पेशंटच करून टाकलं. नुसता आवाज ऐकून सांगते, "हा ओला खोकला, पाणी लागलंय," किंवा "हा कोरडा खोकला, हिने हवा घेतलीय." मामाला इतकी वर्षं जमलं नाही ते हिला दोन महिन्यांत जमलं. मला तर वाटतं तिने स्टेथोस्कोप लावला असता तर गाडीने आपणहून दीर्घ श्वास घेतला असता.

आता टेस्टची घाई का? तर दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी मामीला बोलावून सांगितलं होतं, "लांबच्या वस्त्यांवर जाऊन म्हाताऱ्या पेशंटना बघणारी नर्स हवीय. तुझ्यासारखा हलका हात दुसऱ्या कोणाचा नाही. पण स्वतः गाडी चालवता आली पाहिजे. या महिन्यात लायसन्स दाखव, काम तुझं. नाहीतर मला दुसरं कोणीतरी घ्यावं लागेल." आणि मामीला हे काम इतकं हवं होतं, इतकं हवं होतं की तिने कोणाला बोलूनही दाखवलं नाही. नुसती रोज संध्याकाळी गाडी घेऊन मैदानात गोल गोल फिरायची. महिन्यातली टेस्टची तारीख एकच उरली होती. ती ही.

आणि आदल्या संध्याकाळी मामाने काय केलं असेल? शुभ काम आहे म्हणून टाकी फुल्ल केली. खालच्या पंपावर!

मामीने कपाळाला हात लावला. "अहो, परीक्षेच्या आदल्या दिवशी कोणी असलं बाहेरचं खायला घालतं का?"

"उपाशी पाठवू का मग?"

शेवटी एकदाची गाडी चालू झाली. काळा धूर सोडत, खोकत खोकत दोघं टेस्टच्या मैदानात पोचली. तिथे पांढरे पट्टे, लाल शंकू, आणि मधोमध एक बांधलेला चढ. त्या चढावर अर्ध्यात गाडी थांबवायची आणि मागे न घसरता पुन्हा वर न्यायची. लोक नापास होतात ते तिथेच.

आणि टेस्ट घेणारे साहेब! त्यांची कीर्ती तुला सांगते. त्यांनी सख्ख्या मेव्हण्याला नापास केलंय. स्वतःच्या बायकोला नापास केलंय, आणि त्याच दिवशी जेवायला घरीही गेले, एवढी हिंमत. हसत नाहीत, रागावत नाहीत. नियम म्हणजे नियम, बस्स.

टेस्टला ऑफिसची गाडी होती. नवीकोरी, डिझेलवालीच, पण शहरातल्या स्वच्छ डिझेलवर पोसलेली. साहेबांनी किल्ली दिली, ती घेऊन मामी थेट बॉनेटकडे.

"बाई, कुठे निघालात?"

"पाणी काढायला."

"कसलं पाणी?"

"डिझेलमधलं."

"डिझेलमध्ये पाणी कशाला असेल?"

मामीने त्यांच्याकडे असं बघितलं, जसं काही त्यांनी विहिरीत पाणी कशाला असेल असं विचारलंय. पण साहेबांपुढे वाद नको म्हणून गुपचूप आत बसली, साहेब शेजारच्या सीटवर. किल्ली फिरवली. नवी गाडी, ना थरथर ना खडखड, मांजरासारखी झाली सुरू. मामीला पत्ताच नाही! तिने पुन्हा किल्ली फिरवली. कर्रर्र!

"बाई, गाडी चालू आहे."

"छे, साहेब. चालू असती तर आरसा हलला असता."

पुन्हा किल्ली, पुन्हा कर्रर्र. साहेब दात आवळून म्हणाले, "चालू आहे!" मग मामीने काच खाली घेतली, ओठांवर बोट ठेवलं आणि साहेबांना म्हणाली, "श्श! जरा ऐकू द्या." विचार कर, त्या माणसाला! ऐकून तिची खात्री पटली. मग सवयीप्रमाणे गॅस दाबला, आपल्या म्हाताऱ्या गाडीला लागतो तेवढा. आणि ही पोरगी गाडी सुटली बाणासारखी. लाल शंकू आडवा, त्याच्या मागचाही आडवा, आणि पट्टे रंगवणारा माणूस रंगाचा डबा घेऊन कुंपणावर.

"नापास," साहेब म्हणाले. मामीचा चेहरा उतरला तसं त्यांनी त्याच आवाजात पुढचं सांगितलं, "नियमाप्रमाणे दुसरी संधी आहे. ज्या गाडीवर शिकलात ती आणली असेल तर तीही चालते."

मामा लांबून ओरडला, "आणलीय! आणलीय!"

"तुम्ही कोण?"

"मी शिकवलं हिला!"

"तुम्ही लांबच थांबा."

मग मामी आपल्या गाडीत बसली, आणि अगं, तिथून पुढचं मामा सांगतो तेव्हा त्याच्या अंगावर अजून काटा येतो. गाडी खोकली की ही गॅस जरासा वाढवते, तिने श्वास घेतला की कमी करते. वळणं घेतली, उलट घेतली, शंकूंच्या मधून सुईत दोरा ओवावा तशी काढली. एका हाताने डॅशबोर्डवर थोपटतेय, "हो गं, हो, झालंच आता." साहेबांची भुवई म्हणे एकदा वर गेली. ऑफिसातला शिपाई चहा टाकून बघायला आला.

आणि मग आला चढ.

"साहेब, पुढे झुका," मामी म्हणाली.

"काय?"

"चढावर सगळे झुकतात."

"मी झुकत नाही."

मामी अर्ध्या चढावर थांबली. अगदी जिथे थांबायचं तिथेच. आता बघ हं, डिझेल हलकं, पाणी जड. त्यामुळे टाकीत पाणी नेहमी तळाशी बसतं. गाडी सपाटीवर असेल तर ते बापडं गप्प पडून राहतं. पण चढावर गाडी कलली की ते सगळं सरकतं आणि जिथून इंजिनला डिझेल जातं त्या नळीपाशीच गोळा होतं. मामीने क्लच सोडायला घेतला आणि गाडीने दिला एक खोकला. मामीचा चेहरा पांढरा पडला.

"ओला आहे," ती पुटपुटली.

खुक. खुक. फुस्स. बंद.

साहेबांनी पेन उघडलं. "चढावर इंजिन बंद पाडलं. नापास."

आता आपली मामी, जी दवाखान्यात मोठ्या आवाजात कधी बोललेली नाही, तिने काय करावं? तिने त्या पेनाच्या टोकावर हात ठेवला!

"मी नाही, डिझेलने बंद पाडली."

"बाई, प्रत्येक जण काहीतरी सांगतो. कोणाला शिंक येते, कोणाच्या डोळ्यात ऊन जातं."

"साहेब, पाण्यावर गाडी चालते का?"

"हातात कौशल्य असेल तर गाडी बंद पडत नाही."

"मग तुमच्या हातात आहे ना? बसा इकडे. तुम्ही चढवा. तुमच्या हातून चढली तर मी नापास, एक शब्द बोलणार नाही."

साहेब उतरले. टोपी सारखी केली. कागदांचं पॅड मामीच्या हातात दिलं, "धरा," म्हणाले, आणि स्टिअरिंगवर बसले. मामी त्यांच्या शेजारी. मामाने धावत जाऊन चाकामागे दगड लावला आणि पुन्हा लांब जाऊन उभा राहिला, कारण साहेबांनी लांब थांबायला सांगितलं होतं.

साहेबांनी सेल्फ मारला. चालू! साहेबांनी मामीकडे असं बघितलं की बघा. क्लच सोडला. फुस्स.

पुन्हा सेल्फ. खुक, खुक, फुस्स.

"गॅस सोडू नका, साहेब, ती खोकतेय."

"मला शिकवू नका."

फुस्स.

खाली ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्यांची रांग लागली. पहिल्या गाडीतल्या मास्तरने हॉर्न वाजवला, मग चढावर कोण बसलंय ते त्याला दिसलं आणि त्याने घाबरून हॉर्नवर रुमाल ठेवला. जणू काही रुमालाने आधीचा आवाज परत जाणार होता. साहेबांच्या मानेवरून घाम निघाला. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना याच चढावर नापास केलं, तो माणूस तिथेच स्टिअरिंगला धरून बसलाय आणि गाडी त्याला भीक घालत नाहीये. त्यांनी सगळं करून बघितलं. चोक शोधला, तो नव्हताच. शेवटी हँडब्रेक ओढला, खाली उतरले आणि अगदी हळू म्हणाले, "काढा ते पाणी."

मामीने बाही वर केली. बॉनेट उघडलं, फिल्टरखाली बाटली धरली, स्क्रू सैल केला. आणि एखाद्या बाळाला औषध पाजतात तशा मायेने, एक थेंब बाहेर सांडू न देता, बाटली भरली आणि साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी ती उन्हात धरली. वर पिवळसर डिझेलचा बोटभर थर, खाली नुसतं गढूळ पाणी, आणि तळाला माती.

"हा रिपोर्ट," मामी म्हणाली.

साहेबांनी बाटली ओतून परत दिली. मामीने पुन्हा पुन्हा पाणी काढलं, हातपंप दाबला, कडक होईपर्यंत दाबला, हात पुसले आणि स्टिअरिंगवर बसली, साहेब पुन्हा शेजारी. सेल्फ. गाडी थरथरली, खोकली. मामीने कान दिला, गॅस केसभर वाढवला, क्लच असा सोडला जसा झोपलेल्या पेशंटच्या उशाखालून हात काढतात. चाक दगडापासून पुढे सुटलं. एक इंच मागे नाही! आणि आमची ती म्हातारी गाडी, काळा धूर सोडत, तोऱ्यात, चढाच्या पार माथ्यावर.

मामा शपथेवर सांगतो की साहेब पुढे झुकले होते. मामी म्हणते, छे, ते खाली पडलेलं पेन उचलत होते.

खाली रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी पॅड मांडीवर घेतलं. मामीचा कागद समोर, निकालाची जागा कोरी.

"नियम असा आहे," शेवटी साहेब म्हणाले, "चढावर इंजिन बंद पडलं तर नापास. पण पाणी होतं, माती होती, तरी तुम्ही ती वर आणलीत. तेव्हा तुमचा प्रश्न वेगळा."

"हो, साहेब."

"मी नाही आणली."

"असू दे हो, साहेब. तुमची काय ओळख तिच्याशी!"

"नियमात ओळख कुठे लिहिलीय?" असं म्हणून त्यांनी एक नवा कागद काढला, वर स्वतःचं नाव लिहिलं, सही केली, आणि पेनासकट मामीपुढे धरला. "शेजारी तुम्ही बसला होतात. जे बघितलंत ते लिहा."

अगं, कळतंय का तुला? मामीचा स्वतःचा निकाल अजून कोरा! तो लिहिणारा माणूस शेजारी बसलाय आणि म्हणतोय, माझा निकाल लिही! मामा तोवर धापा टाकत चढावर आला होता. खिडकीशी तोंड लावून कुजबुजला, "पास लिही! अगं, साहेब आहेत! पास लिही, आणि चांगल्या अक्षरात लिही!"

मामीने पेन घेतलं. तिच्या डोळ्यांसमोर डॉक्टरीणबाई आल्या, ते काम आलं, त्या वस्त्यांवरच्या म्हाताऱ्या आल्या. पण मामीचा हात कसा आहे माहितीये ना? तापाचा तक्ता लिहिणारा हात आहे तो. कितीही बडा पेशंट असो, तिने कधी कोणाचा ताप अर्ध्या रेषेनेसुद्धा कमी लिहिलेला नाही. तिने लिहिलं, "चढावर इंजिन तीनदा बंद पडले. नापास."

मामा ते वाचून तिथेच, चढाच्या कठड्यावर बसला.

साहेबांनी कागद घेतला. वाचला. पुन्हा वाचला. मग मामीकडे वळून म्हणाले, "हे चुकीचं आहे."

"काय, साहेब?"

"चारदा बंद पडली. एकदा तुमचं लक्ष खाली रांगेकडे होतं. नीट लिहा."

मामीने 'तीनदा' खोडून 'चारदा' केलं. साहेबांनी खोडलेल्या जागी छोटी सही मारली, कागद घडी करून वेगळा ठेवला. मग मामीचा कागद ओढला, त्यावर लिहिलं 'पास', आणि तेवढ्याच कोरड्या आवाजात म्हणाले, "पुढचा."

मामी गाडीतून उतरून रडली, मग हसली, मग मामाला म्हणाली, "उठा, दगड काढून ठेवा, सरकारी जागा आहे." अगं, तिला ते काम मिळालं! आता ती रोज तीच गाडी घेऊन वस्त्यांवर जाते, आणि पेशंट म्हणे लांबूनच खोकला ऐकून दार उघडून ठेवतात.

पण थांब, संपलं नाही. त्या दिवशी दोघं निघाली तर साहेब फाटकाशी उभे, हातात जेवणाचा डबा. स्वतःच्या गाडीची किल्ली त्यांनी शिपायाकडे जमा केली होती.

"मला वाटेत सोडाल का?" त्यांनी मामीला विचारलं. "नापास झालेल्या माणसाने फेरपरीक्षेपर्यंत गाडी चालवायची नसते."

मामाने पटकन पुढचं दार उघडलं, स्वतः मागे बसला. साहेब बसले, पट्टा लावला, डबा मांडीवर ठेवला. उतरताना फक्त एवढंच म्हणाले, "बाई, रविवारी वेळ असतो का तुम्हाला? माझा क्लच जरा कच्चा आहे."

तेव्हापासून दर रविवारी येतात. मामी शिकवते, मामा लांब थांबतो.

आता तू खरं सांग हं, मला बरं वाटावं म्हणून नको सांगू. ज्याच्या हातात तुझं लायसन्स, तुझं काम, सगळं आहे, तोच माणूस तुझ्या हातात पेन देऊन म्हणतोय, माझा निकाल लिही. तू मामीच्या जागी असतीस, तर काय लिहिलं असतंस?